टाक्याची लांबी आणि चित्ताचे समत्व

शिवणयंत्रावर साधी शिवण घालताना टाक्याच्या लांबीची काळजी शिवणाऱ्याला करावी लागत नाही. सुईखालच्या पट्टीतून वर येणारे दाते दर टाक्याला कापड ठरावीक अंतर सरकवतात आणि ते अंतर बाजूच्या बटणाने एकदा ठरवले की पुरते. पेडल हळू दाबले काय किंवा जोरात दाबले काय, अडीच मिलिमीटरचा टाका अडीचचाच पडतो. वेग वाढला तर काम लवकर उरकते, एवढेच. फ्री मोशन क्विल्टिंगमध्ये ही सोय मुद्दाम काढून टाकलेली असते. दाते खाली बसवतात. कापड घट्ट दाबणाऱ्या फूटच्या जागी सुईबरोबर वरखाली होणारा, गोल तोंडाचा फूट लावतात. मग वरचे कापड, मधला कापसाचा थर आणि अस्तर असे तिन्ही पदर दोन्ही तळव्यांखाली धरून पुढे, मागे, आडवे, वर्तुळात, हवे तिकडे फिरवतात. सुई जागच्या जागी वरखाली होत राहते आणि हातातले कापड फिरेल तशी रेघ उमटत जाते.

या मोकळेपणाची किंमत पहिल्याच रेघेत दिसते. लांबीचे बटण आता निकामी असते. टाक्याची लांबी हा भागाकार बनलेला असतो: एका सेकंदात कापड किती सरकले, भागिले त्याच सेकंदात सुई किती वेळा उतरली. मशीन मिनिटाला ६०० टाके, म्हणजे सेकंदाला १० टाके घालत असेल आणि हात कापड सेकंदाला २५ मिलिमीटर सरकवत असतील, तर टाका अडीच मिलिमीटरचा पडतो. हात तसाच राहून पाय जरा जड झाला आणि टाके ९०० वर गेले, की टाका १.७ मिलिमीटरपर्यंत आखडतो. पाय तसाच राहून हात ४० मिलिमीटरच्या वेगाने धावला, की टाका ४ मिलिमीटरचा होतो. क्विल्टवर साधारण दोन ते तीन मिलिमीटरचा टाका चांगला मानतात. त्याहून फार लांब टाक्यात पांघरणाऱ्याच्या पायाची बोटे अडकतात आणि दोरा तुटतो. फार बारीक टाके एका जागी साचले तर कापडाला भोकांची रांग पडते आणि चुकलेली शिवण उसवताही येत नाही.

यातून उभा राहणारा प्रश्न शिवणकामापुरता नाही. पायाची गती बदलत असते, हाताची गतीही बदलत असते. समता या दोघींपैकी एकीतही नसते. ती दोघींच्या प्रमाणात असते. हे प्रमाण राखतो कोण? जागे मन, सरावलेले शरीर, की मनाने बाजूला सरून शरीराला दिलेली मोकळीक? आणि ते राखण्याचे काम यंत्राकडे दिले तर माणसाचे काही हरवते का? चित्ताच्या समतेविषयी भारतीय धर्मविचाराने हेच विचारले आहे, आणि उत्तर शोधताना अनेकदा हाताने काम करणाऱ्या माणसाकडे बोट दाखवले आहे. त्यांतली काही उत्तरे दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या मुलखाशी जोडलेली आहेत.

आधी शिकणाऱ्याची अडचण नीट पाहायला हवी. नवशिक्याचे हात आणि पाय स्वतंत्र नसतात; दोघांनाही भीती एकाच वेळी गाठते. वळण आले की हात थबकतो, पण पाय पेडलवर तसाच राहतो, आणि वळणाच्या टोकाशी टाक्यांची गाठ होते. वळण पार पडले की सुटकेच्या भावनेने हात पुढे धावतो आणि लगेच पुढचे तीन-चार टाके लांबट पडतात. हात फारच झपाट्याने वळला तर खालच्या बाजूला बॉबिनचा दोरा ताणला जाऊन वळणावर सरळ रेघेसारखा आडवा पडतो आणि वरचे दोरे त्यावर फासांसारखे दिसतात. अस्तराची बाजू उलटून पाहिली की शिवणाऱ्याचे मन कुठे बिचकले आणि कुठे निर्धास्त झाले, याची पूर्ण नोंद तिथे सापडते.

'हळू चालव' हा सल्ला इथे सर्वांत आधी दिला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. अगदी हळू चालवलेली मोटर अडखळत चालते. सुई कापडात असते तो वेळ वाढतो आणि त्या वेळात हात पुढे ओढत असतो. सुई वाकते, पट्टीवर आपटते, कधी मोडते. मध्यम वेगात सुई कापडाबाहेर पटकन येते आणि हाताला अखंड सरकता येते. संथपणा आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे बोटांना कळते. ध्यानधारणेबद्दल जे गैरसमज पसरलेले आहेत त्यांतला एक मोठा गैरसमज नेमका हाच आहे. सगळे काही मंद करून टाकले की मन सम होते, असे वाटते. मंद झालेले मन पुष्कळदा फक्त अडखळणारे मन असते.

उपयोगी ठरणारा उपाय वेगळा आहे. आजच्या बहुतेक विजेच्या मशीनवर वेगमर्यादा ठरवणारी सरकती पट्टी असते. ती मध्यावर ठेवायची आणि पेडल पूर्ण दाबून टाकायचे. पायाला आता काही ठरवायचे उरत नाही, मोटरचा आवाज एका सुरात राहतो आणि दोन अज्ञातांपैकी एकच शिल्लक राहते. हात त्या सुराशी जुळवून घ्यायला शिकतो. इथे डोळ्यापेक्षा कान अधिक कामाचा असतो, कारण पडलेला टाका डोळ्याला दिसतो तेव्हा तो पडून गेलेला असतो. पायमशीनवर ही सोय नाही. तिथे पायांचा झोका हाच वेग असतो आणि तो अंगात मुरवावा लागतो. पण एकदा मुरला की तो शरीराचाच असतो, आणि पायमशीनवर दाते बाजूला करून रिंगमध्ये भरतकाम केलेल्या जुन्या शिवणाऱ्यांना क्विल्टिंगचा हात लवकर येतो, त्याचे कारण हे.

चित्ताच्या अभ्यासाचा सर्वांत तपशीलवार असा जुना पाठ म्हणजे सतिपट्ठान सुत्त. मज्झिम निकायात ते दहावे आहे. सुत्ताच्या आरंभीच स्थळ सांगितले आहे: कुरु देशातले कम्मासधम्म हे गाव. कुरु देश म्हणजे आजची दिल्ली आणि लगतचा हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशाचा पट्टा. सोनिपत जिल्ह्यातले कुमाशपूर हेच ते कम्मासधम्म, असे विपश्यनेच्या परंपरेत मानतात. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतले दीर्घ शिबिरांचे धम्मपट्ठान केंद्र त्याच गावी आहे. गोयंकांचे मुख्य केंद्र इगतपुरीला असल्याने मराठी वाचकाला ही परंपरा परकी नाही. स्थळनिश्चिती वादाची राहू शकते. बुद्धाचा विचार या भूमीवर रुजला होता याची दगडी खूण मात्र दिल्लीतच आहे: दक्षिण दिल्लीत श्रीनिवासपुरीजवळ बहापूरच्या खडकावर अशोकाचा लघुशिलालेख १९६६ मध्ये आढळला. त्या लेखात सम्राट सांगतो की उपासक झाल्यावर सुरुवातीला आपण फारसा प्रयत्न केला नव्हता, नंतर केला, आणि असा प्रयत्न लहानातल्या लहान माणसालाही जमण्यासारखा आहे.

सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष देण्याची रीत सांगताना लाकूड कातणाऱ्या कारागिराचा दाखला येतो. कुशल कातारी किंवा त्याचा शिकाऊ शिष्य दोरी लांब ओढताना जाणतो की आपण लांब ओढत आहोत, आखूड ओढताना जाणतो की आखूड ओढत आहोत; साधकाने श्वास तसाच जाणावा. या दाखल्यात शिकाऊ शिष्यालाही जागा आहे, ही बाब सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. जाणण्याच्या कामात उस्ताद आणि शिष्य यांच्यात सुत्त भेद करत नाही. बुद्धघोषाच्या नावाने चालत आलेल्या अट्ठकथेत दाखला आणखी उलगडला आहे: नगाऱ्याच्या खोडासारखी मोठी वस्तू कातताना कारागीर हातपाय पसरून लांब ओढ घेतो आणि हस्तिदंताची सुईदाणी कातताना आखूड, हलकी ओढ घेतो. भिक्षूच्या आठ आवश्यक वस्तूंमध्ये सुई होती, चीवर तुकडे जोडून शिवलेले असे, तेव्हा टीकाकाराला सुईदाणी आठवावी यात नवल नाही. कातकामातही अडचण क्विल्टिंगसारखीच आहे. एकीकडे दोरीच्या ओढीने लाकूड फिरते, दुसरीकडे पटाशी सरकते, आणि लाकडावर उमटणारी रेघ या दोन गतींच्या प्रमाणातून येते.

सुत्ताचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त लांब श्वास लांब म्हणून आणि आखूड श्वास आखूड म्हणून जाणायचा आहे. श्वास लांब करा किंवा सारखा करा, असे कुठेही म्हटलेले नाही. त्यानंतरच्या पायरीवर शिकण्याची भाषा येते: सबंध शरीराचा अनुभव घेत, शरीराची खळबळ शांत करत श्वास घेण्याचे शिक्षण. जाणणे आधी, सुधारणे नंतर. क्विल्टिंग शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांची वाट इथेच चुकते. लांब टाका दिसला की दुसऱ्याच क्षणी हात आखडता घेतला जातो, तो जास्तच आखडतो, पुढचे टाके साचतात, मग ते सुधारण्यासाठी हात पुन्हा धावतो. घाईची दुरुस्ती हेच असमानतेचे मोठे कारण बनते. सरावाच्या कापडावर एक अख्खी रांग काहीही न सुधारता शिवावी, नंतर खडूने लांब आणि आखूड टाक्यांवर खुणा कराव्यात, आणि मगच पुढची रांग घ्यावी, ही रीत नवशिक्याला कंटाळवाणी वाटते. पण तीच सुत्ताच्या क्रमाशी जुळते आणि तीच गुण देते.

दिल्लीच्या तिहार तुरुंगात शिवण आणि ध्यान या दोन गोष्टी एका आवारात आहेत. तिथल्या कारखान्यात शिवणकामाचा विभाग चालतो, आणि एप्रिल १९९४ मध्ये, किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना, गोयंकांच्या मार्गदर्शनाखाली हजाराहून अधिक कैद्यांनी तिथे एकत्र दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. पुढे तुरुंगातच कायमचे केंद्र झाले. शिवणाऱ्या हातांना ध्यानाचा किती लाभ झाला याचा हिशेब मांडण्याचे कारण नाही. मात्र ज्याच्या आयुष्याची गती दुसराच कोणी ठरवतो, अशा माणसालाही स्वतःच्या श्वासाची लांबी जाणता येते, हा त्या शिबिरामागचा विश्वास होता आणि तो सुत्तातल्या शिकाऊ शिष्याच्या उल्लेखाशी पूर्णपणे सुसंगत आहे.

लांबी जाणायची तर एकाच वेळी हात आणि पाय दोन्हींकडे लक्ष कसे द्यावे, हा पुढचा प्रश्न. न्यायदर्शनाचे उत्तर ठाम आहे: देता येत नाही. नैयायिकांच्या मते मन अणुएवढे आहे आणि एका क्षणी त्याचा संयोग एकाच इंद्रियाशी होतो. दोन ज्ञाने एकदम झाल्यासारखी वाटतात ती केवळ वेगामुळे. यासाठी शास्त्रात सुईचाच दाखला रूढ आहे. एकावर एक रचलेली कमळाची शंभर पाने सुईने भेदली तर ती एकदम भेदली गेली असे वाटते, पण प्रत्येक पान आपल्या क्रमानेच भेदले जाते. मन अणु आहे की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी शिकणाऱ्याचा अनुभव न्यायदर्शनाच्या बाजूने साक्ष देतो. दोन्हींकडे लक्ष ठेवायला गेलेले मन हातावरून पायावर आणि पायावरून हातावर उड्या मारत राहते, आणि प्रत्येक उडीच्या दरम्यान एक वाईट टाका पडतो. पायाची गती बांधून टाकण्याचा उपाय फळतो तो यामुळेच. मनाला ज्याच्याकडे पाहणे शक्य आहे तेवढेच त्याच्यापुढे ठेवले जाते.

मग निष्णात शिवणाऱ्याचे काय? तो पेडलचा वेग वळणागणिक बदलतो, बोलतो, हसतो, आणि तरी टाके सारखे पडतात. याचे सर्वांत सुंदर वर्णन शिंप्याच्या घरात जन्मलेल्या संताने केले आहे, आणि ते उत्तर भारतात जितके गायले जाते तितके महाराष्ट्रात माहीत नाही. पंढरपूरच्या नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. दिल्लीच्या गुरुद्वारांतल्या कीर्तनात ती आजही ऐकू येतात. रामकली रागातल्या एका पदात नामदेव पतंग उडवणाऱ्या मुलाकडे पाहतात. मुलगा सोबत्यांशी गप्पा मारतो आहे, पण त्याचे चित्त दोरीत आहे. पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन मुली थट्टामस्करी करत चालल्या आहेत, चित्त घागरीत आहे. गाय पाच कोस दूर चरते, चित्त वासरात आहे. त्याच ग्रंथात कबीराच्या सलोकांमध्ये त्रिलोचन आणि नामदेव यांचा संवाद येतो: कापड छापत काय बसलास, रामाकडे लक्ष का देत नाहीस, असे त्रिलोचन विचारतो, आणि नामदेव सांगतात की हातपाय सगळे काम करोत, चित्त निरंजनापाशी आहे.

वरवर पाहता हे सतिपट्ठानाच्या उलट वाटते. तिथे लक्ष कामाच्या आत, इथे काम चालू असताना लक्ष दुसरीकडे. खरे तर दोन्ही दाखले वाटेतल्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे आहेत. पतंगाची दोरी हाताला इतकी परिचित आहे की तिच्याकडे टक लावून बघावे लागत नाही. दोरी ढिली पडली की हाताला आपोआप कळते. फ्री मोशनमध्येही अनुभवी शिवणारा सुईकडे बघत नाही. त्याची नजर सुईच्या पुढे बोटभर अंतरावर, जिथे रेघ जायची आहे तिथे असते. सुईकडे खिळलेली नजर प्रत्येक टाका झाल्यावर पाहते. पुढे टाकलेली नजर हाताला आधीच सांगते. एक गती शरीराने स्वतःकडे घेतलेली असते म्हणून दुसरीसाठी आणि रेघेसाठी मन मोकळे होते. नामदेवांच्या पदात ही मोकळीक ईश्वराला दिली आहे. ती कोणाला द्यायची हा श्रद्धेचा प्रश्न आहे, पण ती मिळते कशी याचे त्यांचे निरीक्षण अचूक आहे. एवढे मात्र स्पष्ट म्हणायला हवे की या पदाचा आधार घेऊन कातारी शिष्याचा टप्पा ओलांडता येत नाही. ज्या मुलाने पतंग कधी उडवला नाही, त्याने गप्पा मारल्या तर दोरी हातातून जाते.

गीतेचा आधार इथे अनेकदा घेतला जातो आणि तो जरा सैलपणे घेतला जातो. दुसऱ्या अध्यायात दोनच श्लोकांच्या अंतराने योगाची दोन लक्षणे येतात: एका ठिकाणी समत्व, दुसऱ्या ठिकाणी कर्मातले कौशल्य. ही दोन शेजारी ठेवून कोणत्याही उत्तम कारागिरीला योग म्हणून टाकणे सोपे आहे. शंकराचार्यांनी या श्लोकाचा अर्थ तसा लावलेला नाही. स्वभावतःच बांधणारे कर्म समबुद्धीमुळे बांधेनासे होते, हेच त्यांच्या मते कौशल्य. टिळकांनी गीतारहस्यात, जे मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, योग म्हणजे कर्म करण्याची युक्ती असे म्हटले, पण ती युक्तीही समबुद्धीचीच. सफाईने खिसा कापणाऱ्याचा हातही कुशल असतो. त्याला योगी म्हणता येणार नाही. टाके सारखे पडले म्हणून शिवणारा समचित्त झाला, असे गीता सांगत नाही. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळणे याला विकर्म म्हटले, आणि कर्म व विकर्म एक झाले की कर्माचा भार वाटेनासा होतो, असे सांगितले. ही मांडणी शिवणाऱ्याच्या अनुभवाच्या अधिक जवळची आहे, कारण तिच्यात हाताचे काम आणि मनाची अवस्था या दोन गोष्टी वेगळ्या राहतात आणि त्यांचे जुळणे हा आपोआप न घडणारा, करावा लागणारा प्रयत्न ठरतो.

आता राहिला यंत्राचा प्रश्न. गेल्या काही दशकांत घरगुती मशीनसाठीही टाक्याची लांबी आपोआप राखणारे उपकरण आले आहे. त्याला स्टिच रेग्युलेटर म्हणतात. संगणकाच्या माउसमध्ये असतो तशा डोळ्याने ते कापडाची हालचाल मोजते आणि त्यानुसार सुईचा वेग कमी-जास्त करते. हात थांबला की सुई मंदावते, हात धावला की सुईही धावते. भागाकार यंत्र करते. मग वर्षभर घाम गाळून जे शिकायचे, ते विकत घेतले तर बिघडले कुठे?

या प्रश्नाची जवळजवळ तंतोतंत चर्चा दिल्लीत १९२४ मध्ये झाली. हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी गांधीजींनी १७ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर असा २१ दिवसांचा उपवास दिल्लीत केला. त्यानंतरच्या दिवसांत शांतिनिकेतनचा तरुण विद्यार्थी जी. रामचंद्रन त्यांना भेटला आणि त्याने विचारले की आपण सगळ्याच यंत्रांविरुद्ध आहात का. महादेव देसाईंनी टिपलेला हा संवाद नोव्हेंबर १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त छापला गेला. गांधीजींचे म्हणणे असे की हे शरीरच एक नाजूक यंत्र आहे आणि चरखाही यंत्र आहे. विरोध आहे तो यंत्रांच्या वेडाला. अपवाद म्हणून त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचे नाव घेतले. बायकोचे शिवणकामाचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने प्रेमापोटी ते बनवले, अशी कथाही त्यांनी सांगितली. सिंगरचे चरित्र या कथेला दुजोरा देत नाही. १८५१ चे पेटंट घेणारा आयझॅक सिंगर नट होता, व्यवसायी होता, आणि आधीच्या यंत्रांतल्या उणिवा दूर करून त्याने पैसा मिळवला. पण गांधीजींचा युक्तिवाद कथेवर उभा नाही. यंत्राने माणसाचे अवयव निकामी होऊ नयेत, ही त्यांची कसोटी आहे. आणि याच संवादात त्यांनी एक उदाहरण दिले ज्याकडे कमी लक्ष गेले आहे: चरख्याचे वाकडे चाते सरळ करणारे यंत्र असेल तर ते हवेच. लोहार चाती बनवतच राहील, पण चाते बिघडले की प्रत्येक सूत कातणाऱ्याकडे ते सरळ करायचे स्वतःचे साधन असेल.

स्टिच रेग्युलेटर या कसोटीवर कसा उतरतो? आधी एक भेद करावा लागतो. पानिपत शहर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच येते आणि चादरी, ब्लँकेट, रजया यांचा तिथला उद्योग मोठा आहे. कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या अनेक सुयांच्या क्विल्टिंग मशीनमध्ये कापड रोलरवरून ठरलेल्या वेगाने पुढे जाते, नक्षी आधीच ठरलेली असते, आणि माणूस दोरा तुटला की तो ओवायला तिथे उभा असतो. टाका तिथेही सारखा आणि रेग्युलेटरमध्येही सारखा. तरी दोन्हींत दिशा उलटी आहे. रेग्युलेटरमध्ये यंत्र हाताच्या मागे चालते. हात थांबला तर ते थांबते. कारखान्यात हात यंत्राच्या मागे चालतो. डेव्हिड पाय या इंग्रज कारागीर-लेखकाने १९६८ च्या आपल्या पुस्तकात कारागिरीचे दोन प्रकार सांगितले होते: जिच्यात प्रत्येक क्षणी काम बिघडण्याची जोखीम असते ती, आणि जिच्यात परिणाम आधीच ठरलेला असतो ती. रेग्युलेटर लावलेली शिवण या दोहोंच्या मध्ये बसते. टाक्याची जोखीम गेली, रेघेची राहिली. पाकळी वाकडी गेली तर ती वाकडीच शिवली जाते, फक्त सारख्या टाक्यांनी.

म्हणून या उपकरणाला सरसकट नाकारणे योग्य नाही. ज्यांच्या हाताला कंप आहे, ज्यांचा पाय पेडलवर स्थिर राहत नाही, ज्यांना वयाच्या सत्तरीत क्विल्ट पुरा करायचा आहे, त्यांच्यासाठी ते वाकडे चाते सरळ करणाऱ्या साधनासारखेच आहे. शिकण्याच्या पहिल्या दिवसापासून ते लावणे मात्र हिताचे नाही. उपकरण लांबी राखते तेव्हा लांबी जाणण्याची गरजच उरत नाही. सूर बदलला तरी टाका बदलत नाही, म्हणून कान सुराकडे लक्ष देणे सोडतो. अवयव निकामी होण्याची गांधीजींची भीती इथे हाताला लागू पडत नाही. ती लक्षाला लागू पडते. आणि लक्ष हाच अवयव या सगळ्या अभ्यासात घडत असतो.

शेवटचा मुद्दा सारखेपणाच्या व्याख्येचा. सर्व टाके एकाच लांबीचे असले की काम उत्तम, असे धरून वरची चर्चा चालली, पण तसे ते नेहमी नसते. तीन मिलिमीटर त्रिज्येचे छोटे वेटोळे अडीच मिलिमीटरच्या टाक्याने शिवले तर परिघावर सात-आठ टाके बसतात आणि वर्तुळाचा अष्टकोन होतो. प्रत्येक टाका खऱ्या वक्ररेषेपासून मध्याशी पाव मिलिमीटर आत राहतो आणि कोपरे डोळ्याला दिसतात. तेच वेटोळे दीड मिलिमीटरच्या टाक्याने शिवले तर बारा-तेरा टाके बसतात, अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत येते आणि रेघ गोल दिसते. सरळ, लांब रेघेत मात्र दीड मिलिमीटरचा टाका कापडाला ताठ करतो. नगाऱ्याला लांब ओढ आणि सुईदाणीला आखूड ओढ घेणाऱ्या कातारीला हे ठाऊक होते. अडीचवर लावलेल्या रेग्युलेटरला ते ठाऊक नाही. वेटोळे जवळ आले की आकडा बदलायचा की उपकरण बंद करून हातावर यायचे, हे शिवणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि ते ठरवता येण्यासाठी दीड आणि अडीच यांतला फरक त्याला आकडा न पाहता ओळखता यावा लागतो.